चार फूट पश्चिमेला

शालिकरामजी लांजेवारांना ते घर बघताक्षणी आवडलं. घरात आवडण्यासारखं तसं काहीच नव्हतं.

बाजूच्या भिंतीला छपरापासून जमिनीपर्यंत भेग गेलेली. मागच्या खोलीचा स्लॅब मधोमध पोट सुटल्यासारखा खाली आलेला. न्हाणीच्या कोपऱ्यातून एक पिंपळ उगवून चांगला खिडकीपर्यंत पोचलेला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर चार पिल्लांची मांजर बसली होती आणि आलेल्या गिऱ्हाइकाकडे घरमालकिणीच्या नजरेनं बघत होती. घर दाखवायला आलेला वसंत दलाल या सगळ्याला "थोडंसं काम आहे" एवढंच म्हणाला. इतकी मोठी पडझड इतक्या कमी शब्दांत बसवणारा माणूस आपण दुसरा पाहिला नाही, असं प्रेमिलाबाईंनी नंतर बरेचदा सांगितलं.

पण शालिकरामजींचं लक्ष कुठे होतं! गोंदिया, भंडारा, वर्धा, चंद्रपूर, शेवटी नागपूर करत पस्तीस वर्षं सरकारी क्वार्टरात काढलेला माणूस. क्वार्टरच्या भिंतीत खिळा ठोकायचा तरी वरून परवानगी आणायची. इथे सगळ्या भिंती आपल्या होणार! त्यांनी भरल्या उत्साहानं भिंतीवर थाप मारली. भिंतीतून पसाभर रेती खाली आली.

"मजबूत आहे," ते म्हणाले.

"भेगेतून बाजूवाल्यायचे वाळत घातलेले कपडे दिसून राहिले जी," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"हवा खेळती राहील."

शालिकरामजी वजनमापांचे निरीक्षक होते. म्हणजे किराणा दुकानातला तराजू, कापडवाल्याचा मीटर, पेट्रोल पंपाचं माप, हे सगळं खरं बोलतं की नाही ते बघायचं त्यांचं काम. आपण नागपूरच्या सदर बाजारातून नुसतं चालत गेलो तरी दुकानादुकानांतले काटे सरळ होत, असं ते स्वतः सांगत, आणि दुसरं कोणी सांगत नसल्यामुळे जरा जास्त वेळा सांगत. निवृत्त होऊन वर्ष झालं तरी स्टीलचा टेप खिशातून गेला नव्हता. तेव्हा न मोजता घर घेणं शक्यच नव्हतं. सलग दोन रविवार त्यांनी ते घर मोजलं. प्लॉट कागदावर तीस बाय पन्नास. जागेवरही तीस बाय पन्नास. अर्धा इंच इकडे नाही की तिकडे नाही.

"असं माप आजकाल पाहायले नाही भेटत प्रेमिला," ते म्हणाले. त्यांनी टेप पुसून खिशात ठेवला. त्या भरातच त्यांनी होकार देऊन टाकला.

जागा किती आहे, हे त्यांनी मोजलं. जागा कुठे आहे, हे मोजायचं राहून गेलं.

रामटेककडे जाणाऱ्या रस्त्यावरून आत वळलं की हे जुनं लेआउट, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेली वस्ती, लागतं. एका ओळीत सात घरं, रस्त्यापलीकडे तशीच सात घरांची दुसरी ओळ, आणि या ओळीतलं पूर्वेकडचं शेवटचं हे. त्याच्यापलीकडे लेआउटचं मोकळं मैदान. ताबा मिळाला त्या दिवशी सकाळी प्रेमिलाबाईंनी ओटा धुतला (मांजरीनं त्याआधीच पिल्लं माळ्यावर हलवली होती), नवीन गॅस मांडला आणि दूध ठेवलं. दूध छान फसफसून उतू गेलं. शालिकरामजींनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात मागच्या दारात कोणीतरी खाकरलं.

सत्तरीच्या एक काटक बाई उभ्या होत्या. पश्चिमेकडच्या शेजारीण, तुळसाबाई भोयर. एकट्या राहत.

"या ना मावशी, आत या," प्रेमिलाबाई म्हणाल्या.

"आत काय येऊ वं बाई? माह्याच जागेत मी पाहुणी म्हणून येऊ का?"

दोघांनाही काही कळलं नाही.

"हे किचन चार फूट माह्या प्लॉटात आहे," तुळसाबाई शांतपणे म्हणाल्या. "मी एकोणीस वर्षांपासून सांगून राहिली. आधीच्या मालकानं ऐकलं नाही. मी त्याच्याशी बोलणं सोडलं. आता हे तुमचं दूध उतू गेलं ना, ते माह्या जागेत उतू गेलं."

शालिकरामजी हसले. ज्या हास्यानं त्यांनी पस्तीस वर्षं दुकानदारांना गप्प केलं होतं, ते हे हास्य. त्यांनी टेप काढला, तुळसाबाईंच्या हातात त्याचं एक टोक दिलं, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं घर मोजून दाखवलं. "तीस! पाहा मावशी. बरोबर तीस."

"तीस तर आहेच ना गा. मी किती ते कुठे विचारून राहिली? कुठून ते विचारून राहिली."

शालिकरामजींच्या हातातला टेप सर्रकन आत गेला. निरीक्षक म्हणून त्यांना लोकांनी शिव्या दिल्या होत्या, चहा दिला होता, एकदा तर कुत्रं सोडलं होतं. पण मोजमापातला प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता.

त्या दिवशी दुपारपर्यंत सगळ्या ओळीला बातमी कळली आणि सल्ल्याला भैय्याजी आले. भैय्याजी तुळसाबाईंच्या पलीकडच्या घरात राहत. रेल्वेत गार्ड होते, आता निवृत्त. गाडी चालवायची नाही, पण गाडी कधी सोडायची हे सांगायचं, ही सवय त्यांना तिथेच लागली असावी.

"हे पाहा लांजेवारजी, मोजणीच्या भानगडीत पडू नका," त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मोजणी म्हणजे डॉक्टरकडे जाऊन पूर्ण तपासणी करणं. काही ना काही निघतेच. त्यापेक्षा त्या भिंतीले एक देव्हारा लावून टाका. देवाले कोणी हलवत नाही."

हेच भैय्याजी त्याच सकाळी तुळसाबाईंना "मोजणी करून घ्याच" असं सांगून आले होते, हे शालिकरामजींना पुढे कळलं. सल्ल्यात त्यांनी कोणावरही अन्याय केला नाही.

"मी मोजणीचा अर्ज करतो," शालिकरामजी जाहीर करते झाले.

"दूध उतू गेलं तेवढं पुरे झालं जी," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "आता आणखीन काही उतू घालू नका."

पण शालिकरामजी पेटले होते. खरं सांगायचं तर त्यांना मनातून मजा वाटत होती. निवृत्तीनंतर वर्षभर त्यांनी भाजीवाल्यांचे काटे बघून दिवस काढले होते. आता स्वतःचं घर, स्वतःचा वाद, आणि वादही मापाचा! सकाळी उठल्याबरोबर ते शिटी वाजवत दाढी करू लागले.

मोजणीचा अर्ज हल्ली ऑनलाइन करता येतो. म्हणजे घरबसल्या मोबाइलवर भरायचा, त्याची प्रिंट काढायची, आणि ती घेऊन रांगेत उभं राहायचं. खिडकीमागच्या बाबूनं प्रिंट उलटी-सुलटी करून पाहिली.

"अतिक्रमण कोणी केलं?"

"मी. म्हणजे माह्या किचननं. केलं असंन तर."

"अन् अर्ज कोणाचा?"

"माह्याच."

"मग तुमची तक्रार कोणावर आहे?"

"कोणावरच नाही. मले फक्त खरं काय ते पायजे."

बाबूनं चष्मा काढला. बावीस वर्षांच्या नोकरीत त्याच्यासमोर असा माणूस आला नसावा. "काका, इथे भांडण असल्याशिवाय कोणी येत नाही. इथे कारण लिहावं लागते."

"उत्सुकता, असं लिहा ना."

बाबूनं 'हद्दीबाबत संभ्रम' असं लिहिलं आणि काका घरी नीट जातील ना, म्हणून त्यांच्याकडे पाहत राहिला. तीन दिवसांनी अर्ज परत आला. उत्साहाच्या भरात शालिकरामजींनी पूर्वेला तुळसाबाई आणि पश्चिमेला मैदान लिहून ठेवलं होतं. दिशा दुरुस्त झाल्या तर शेजाऱ्यांच्या सहीची नोटीस अडली. त्या घरातून आलेला कागद हातात घ्यायचा नाही, हा तुळसाबाईंचा एकोणीस वर्षांचा नेम होता, आणि मालक बदलला म्हणून नेम बदलायला त्या तयार नव्हत्या. शेवटी प्रेमिलाबाईंनी भरल्या वांग्यांची वाटी नेली आणि वाटीखाली नोटीस ठेवली. संध्याकाळी वाटी घासूनपुसून परत आली. खाली सही केलेली नोटीस होती आणि निरोप होता, "वांग्यात तीळ थोडा जास्त झाला."

मोजणीच्या दिवशी सगळी ओळ सकाळी नऊलाच आंघोळी करून तयार होती. खुर्च्या बाहेर आल्या. समोरच्या ओळीतले लोक आपापल्या दारांत चहाचे कप घेऊन उभे राहिले. कोपऱ्यावरच्या पहिल्या घराचे हटवार तर स्वतःची आरामखुर्ची उचलून इतक्या लांब घेऊन आले. हटवार बँकेत होते. या लेआउटमध्ये पहिलं घर त्यांच्या वडलांनी बांधलं, ही गोष्ट ते नव्या माणसाला नावाआधी सांगत. "बाबा आले तेव्हा इथे नुसतं तुरीचं वावर होतं," त्यांनी शालिकरामजींना तिसऱ्यांदा सांगितलं. "बाबानं स्वतः दोरी लावून आखणी केली. बाकी सगळे मग आमच्या भिंतीपासून मोजत गेले."

भूमापक म्हणून भूमिका मॅडम आल्या. पंचवीस-सव्वीसची मुलगी, पायात स्पोर्ट्‌स शूज, हातात काठी आणि काठीच्या टोकावर टोपीसारखं यंत्र. त्या काठी टेकवायच्या, यंत्र टुक करायचं, त्या टॅबवर बघायच्या. शालिकरामजी हातभर अंतरावरून त्यांच्या मागे-मागे. एकदा त्यांनी टेप काढलाही. "काका, राहू द्या," मॅडम म्हणाल्या. शालिकरामजींनी टेप खिशात घातला आणि थोडा वेळ पिंपळाकडे बघितलं.

तासाभरानं मॅडमनी निकाल सांगितला. "आजींचं बरोबर आहे. किचन चार फूट त्यांच्या हद्दीत आहे."

"आयकलं का गा सगळ्यायनं?" तुळसाबाई उठून उभ्या राहिल्या. "एकोणीस वर्षं! एकोणीस वर्षं मले खोटी म्हणून राहिले होते!" त्यांनी प्रत्येक खुर्चीपुढे जाऊन हे वाक्य वेगवेगळं म्हटलं.

"पण काका, तुमची जागा कमी नाही," मॅडम पुढे म्हणाल्या. "तुमचे चार फूट पूर्वेला मैदानात मोकळे पडले आहेत. तुमचं घर चार फूट पश्चिमेला सरकलं आहे."

शालिकरामजींचा चेहरा उजळला. आपल्याला न कळत आपली इतकी जागा होती! पण मॅडमची काठी थांबली नव्हती. टुक. "आजी, तुमचं न्हाणीघर पण चार फूट पश्चिमेला आहे. यांच्या हद्दीत."

भैय्याजी सल्ला देण्याच्या बेतात होते. त्यांचं तोंड उघडंच राहिलं.

टुक. "अन् काका," मॅडम भैय्याजींना म्हणाल्या, "तुमचा स्कूटरचा शेड पलीकडच्यांच्या हद्दीत."

एक खुर्ची मिटल्याचा आवाज आला. मग दुसरी. तमाशा बघायला आलेली माणसं एकामागून एक तमाशात सापडत होती. कोणाचा जिना, कोणाचं कंपाउंड, कोणाचा गुलाबाचा वाफा. "मॅडम, बस झालं, जेवून घ्या," असं लोक काकुळतीनं म्हणू लागले. पण मुलगी कामाची पक्की होती. ती चालत-चालत थेट कोपऱ्यापर्यंत गेली, आणि हटवारांच्या भिंतीला काठी लावून म्हणाली, "हे चार फूट रस्त्यात आहे. पहिलं घर चुकीच्या दगडापासून आखलं. बाकीच्यांनी यांच्यावर भरवसा ठेवला."

हटवार आरामखुर्ची उचलून घरात गेले आणि त्यांनी दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजींच्या ओसरीवर सभा भरली. हटवार आले नाहीत. बाकी सगळ्यांचं एकमत पाच मिनिटांत झालं. जे जिथे आहे ते तिथेच राहू द्यायचं आणि मोजणी झाली हे विसरून जायचं.

"मी नाही विसरणार," तुळसाबाई म्हणाल्या.

"मावशी, तुमाले चार फूट भेटले तर तुमाले पण चार फूट सोडावे लागतीन," भैय्याजींनी समजावलं.

"सोडीन ना! पण आधी माह्ये द्या."

सगळे त्यांच्यावर तुटून पडले. वय झालं, एकट्या आहा, काय करायची जागा, वगैरे. तुळसाबाई खांबाला टेकून सगळं ऐकत होत्या. त्यांचा पदर सारखा सारखा नीट होत होता. शालिकरामजींनी ते पाहिलं. दहा ग्रॅम कमी दिलं म्हणून त्यांनी किती दुकानदारांना दंड केला होता. आणि आता त्यांचा स्वतःचा ओटा, गॅस आणि मसाल्याचे डबे या बाईच्या जागेत उभे होते.

ते उठले. "मी माह्यं किचन पाडतो," ते म्हणाले.

प्रेमिलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. या काळात त्यांनी हा चेहरा दोनदा पाहिला होता आणि दोन्ही वेळा बदली झाली होती.

"अन् मी स्वयंपाक कुठे करू जी? मैदानात?"

"मैदानातच. म्हणजे तिथे नवीन किचन बांधू ना! जागा आपलीच आहे."

"माणसानं खरं असावं," प्रेमिलाबाई उठत म्हणाल्या, "पण बायकोले आधी सांगून असावं." एवढं बोलून त्या घरी गेल्या आणि मसाल्याचे डबे पेटीत भरायला लागल्या. शालिकरामजी मागोमाग गेले. त्यांना वाटलं, त्या माहेरी पारशिवनीला निघाल्या. पण त्या डब्यांवर चिठ्ठ्या लावत होत्या. "पाडायचंच आहे तर नीट पाडा," त्या म्हणाल्या. "अन् मांजर आधी बाहेर काढा."

शुक्रवारी मिस्त्री आला. भिंत आतल्या बाजूला पडेल, असं त्यानं छातीठोकपणे सांगितलं. तिसऱ्याच घावाला भिंत बाहेरच्या बाजूला गेली. ती नुसती गेली नाही; तुळसाबाईंच्या घरामागे या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली लांबलचक न्हाणी तिला टेकून उभी होती, ती अर्धी घेऊन गेली. धुरळा खाली बसला तेव्हा तुळसाबाईंची बादली, मोरी आणि साबणदाणी भर दुपारी सगळ्या जगासमोर उभी होती.

तुळसाबाईंनी एकदा न्हाणीकडे पाहिलं, एकदा मोकळ्या झालेल्या चार फुटांकडे. मग त्या विटांवरून तोल सांभाळत गेल्या आणि नेमक्या त्या पट्ट्यात जाऊन उभ्या राहिल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. परत आल्या.

"बरी आहे जागा," त्या म्हणाल्या. आणि एकदम हसायला लागल्या. इतक्या हसल्या की प्रेमिलाबाईंना त्यांचा हात धरावा लागला.

मग त्यांनी भैय्याजींना हाक मारली. "भैय्याजी! माह्यी न्हाणी तर अर्धी पडलीच आहे. आता उरलेली पाडते. तुह्ये चार फूट घेऊन जाय."

"मले नाही पायजे मावशी," भैय्याजी कुंपणाआडून म्हणाले.

"काहून नाही पायजे? तुह्यी जागा आहे."

"राहू द्या ना तुमच्याकडेच!"

"मी दुसऱ्याची जागा ठेवत नाही. घ्यावीच लागते."

इथून पुढे जे झालं तसं नागपुरात कधी झालं नसेल. एरवी लोक इंचभर जागेसाठी कोर्टात जातात. इथे जो तो स्वतःची जागा घ्यायला नाही म्हणून पळत होता, कारण एकदा घेतली की पुढच्याला द्यावी लागत होती. भैय्याजी दोन दिवस मागच्या दारानं ये-जा करत होते. शेवटी तुळसाबाई त्यांच्या ओसरीवर ठाण मांडून बसल्या. "न्हाणी नाही मले आता. आंघोळीले तुह्याकडे येऊ का रोज?" त्या विचारायच्या. तिसऱ्या दिवशी भैय्याजींनी स्कूटरचा शेड काढला. शेड काढल्यावर मात्र त्यांच्यात वेगळाच जोर आला. आपण दिली, आता पुढच्यानं का देऊ नये? ते शालिकरामजींना घेऊन दारोदार फिरू लागले. शालिकरामजींच्या हातात टेप, भैय्याजींच्या हातात खडूची पूड. एकानं जिना फिरवला. एकानं कंपाउंड मागे घेतलं. गुलाबवाल्या देवकीबाई दोन दिवस रडल्या. मग सगळ्या बायकांनी मिळून त्यांची चौदा रोपं मुळासकट उचलून चार फूट पूर्वेला लावली, आणि ती जगली.

प्रेमिलाबाईंचा स्वयंपाक एवढ्या काळात तुळसाबाईंच्या ओसरीवर चालला होता. वांग्यात तीळ किती घालायचा, यावर रोज वाद व्हायचा आणि रोज दोघी एकाच ताटात जेवायच्या. मैदानाकडच्या बाजूला नव्या स्वयंपाकघराच्या भिंती गुडघ्यापर्यंत आल्या होत्या. शालिकरामजी त्यांच्यावर पाणी मारायचे आणि अधूनमधून मागे सरकून बघायचे, जसं कोणी मुलीला शाळेच्या गणवेशात बघतं.

राहिलं एक घर. हटवारांचं.

हटवारांना कोणाला काही द्यायचं नव्हतं. त्यांची भिंत रस्त्यात होती, आणि रस्ता काही मागायला येत नाही. "त्यायले कोणी काही म्हणू नका," शालिकरामजींनी सगळ्यांना सांगितलं. "त्यायच्या बाबाची गोष्ट आहे." ओळीनं ते ऐकलं. येता-जाता लोक हटवारांना नमस्कार करायचे, जेवण झालं का विचारायचे, आणि भिंतीकडे न बघता निघून जायचे. असे आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरून धाडधाड आवाज आला. सगळी ओळ धावली. हटवार बनियनवर, घामाघूम होऊन, हातात घण घेऊन आपल्याच वडलांची भिंत फोडत होते.

"हटवारजी!" भैय्याजी ओरडले. "काहून? तुमाले तर कोणी काहीच म्हटलं नाही!"

"तेच ना!" हटवारांनी घण खाली टेकवला. त्यांचे डोळे लाल झाले होते. "आठ दिवसांपासून वाट पाहून राहिलो. कोणीतरी येईन, भांडंन. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं. वकिलाले विचारून ठेवलं होतं. पण तुमी लोक येऊनच नाही राहिले! नुसतं 'जेवले का, जेवले का'! माणसानं किती दिवस सहन करावं?"

तुळसाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी हटवारांच्या हातातला घण घेतला. तो त्यांना उचलवेना, तेव्हा प्रेमिलाबाईंनी दुसरीकडून हात लावला. दोघींनी मिळून घाव घातला आणि एक वीट हलली.

"तुह्या बाबानं भिंत चांगली बांधली गा," तुळसाबाई धापा टाकत म्हणाल्या. "जागा चुकली, पण भिंत चांगली बांधली."

हटवारांनी तोंड पुसलं आणि ते हसले. मग जो तो पुढे झाला. कोणी पहार आणली, कोणी घमेलं. देवकीबाईंनी तर्री-पोह्यांचं पातेलंच रस्त्यावर आणून ठेवलं. दुपारपर्यंत भिंत गेली आणि कोपऱ्यावरचा रस्ता चार फुटांनी रुंद झाला. सातही घरांची माणसं त्या नव्या रुंदीत उभी राहून पोहे खाऊ लागली. कोणी हात पसरून बघत होतं, कोणी उगाच इकडून तिकडे चालत होतं.

शालिकरामजींनी पोह्यांवर झणझणीत तर्री ओतून घेतली, ओळीकडे एकदा डोळे भरून पाहिलं, आणि मग सहज, काही मनात नसताना, समोरच्या ओळीकडे वळून पाहिलं.

समोरची सातही दारं धडाधड बंद झाली.